संशोधकाने लिखाणाचं कॅलेंडर कसं बनवायचं? (उदाहरण : आपल्या औंढ्याचा लायगो)



पीएचडीला नाव नोंदवलं की बरेच जण एक गणित मांडतात : आधी वाचन, मग प्रयोग आणि लिखाण सगळ्यात शेवटी. हे गणित चुकतं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे कोर्सवर्क धरून पीएचडीला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं मिळतात. शिवाय दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे उभं राहायचं आणि प्रगतीचा छोटा अहवाल द्यायचा. म्हणजे लिखाण पहिल्या वर्षापासूनच सुरू असतं. ते ठरवून करायचं की ऐनवेळी रात्र जागून, एवढंच आपल्या हातात आहे.

मासिकं आणि दिवाळी अंक हे काम ‘संपादकीय कॅलेंडर’ लावून करतात. कोणता मजकूर, कुणासाठी, कोण लिहिणार, कधी तपासणार, कधी छापणार हे सगळं एका तक्त्यात असतं. दिवाळी काही पुढे ढकलता येत नाही, म्हणून तिथून मागे मोजत यावं लागतं. आपल्यालाही हेच करायचंय.

उदाहरण कशाचं?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांब असतील. समजा, तुम्हाला वर्षभर आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांसाठी आणि गावकऱ्यांसाठी यावर मराठीत लिहायचंय. गावात लोक विचारतात, “यानं धरणीकंप होईल का? हे नेमकं मोजणार काय?” विज्ञानाच्या विद्यार्थ्याने वेळेवर आणि खरं उत्तर दिलं नाही, तर ती जागा अफवा भरून काढते.

पायरी १ : न हलणाऱ्या तारखा आधी टाका

- ११ फेब्रुवारी : गुरुत्वीय लहरी सापडल्याची घोषणा (२०१६)
- २८ फेब्रुवारी : राष्ट्रीय विज्ञान दिन
- ११ मे : राष्ट्रीय तंत्रज्ञान दिन
- १४ सप्टेंबर : पहिली लहर प्रत्यक्ष टिपली तो दिवस (२०१५)

आता त्याच तक्त्यात वाचकाचं वर्ष टाका. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा असतात. महाशिवरात्रीला औंढा नागनाथला यात्रा भरते. हळदीची काढणी आणि शिजवणीही त्याच सुमारास चालते. म्हणजे विज्ञान दिन कितीही सोयीचा वाटला तरी मोठा लेख तेव्हा वाचणार कोण? तिथे छोटी प्रश्नोत्तरं ठेवा आणि मोठा लेख सप्टेंबरला न्या. कॉलेज तेव्हा सुरळीत सुरू असतं.

पायरी २ : तारखेपासून मागे मोजा

१४ सप्टेंबरला ‘लहर मोजतात कशी?’ हा लेख द्यायचा असेल तर :

- २० जुलै ते ९ ऑगस्ट : मूळ शोधनिबंध आणि संदर्भ वाचन
- १० ते २३ ऑगस्ट : कच्चा मसुदा
- २४ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर : तपासणी
- ७ ते १३ सप्टेंबर : राखीव आठवडा

एकूण ८ आठवडे. राखीव आठवडा बघून “हा कशाला?” असं वाटेल. पण वीज जाते, गाईड दौऱ्यावर असतात, पोळ्याला गावाकडे जावं लागतं. राखीव वेळ हा तक्त्याचाच भाग धरा.

पायरी ३ : तपासणीला खरा वेळ द्या

इथे लायगोकडूनच शिकण्यासारखं आहे. १४ सप्टेंबर २०१५ ला, आपल्याकडे दुपारचे ३ वाजून २० मिनिटं झाली असताना, अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या दोन्ही उपकरणांनी संकेत टिपला. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती. पण जगाला सांगितलं ११ फेब्रुवारी २०१६ ला. जवळपास ५ महिने उपकरणातला गोंगाट, विश्लेषण, आकडेमोड हे सगळं तपासण्यात गेले. मधल्या काळात अफवा उठल्या, तरी शोधनिबंधाची समीक्षा पूर्ण होईपर्यंत घोषणा झाली नाही.

म्हणून तक्त्यात ‘तपासणार कोण’ हा रकाना हवाच. त्यात दोन नावं ठेवा : एक विषय जाणणारा आणि एक विषय अजिबात न जाणणारा. पहिला चूक पकडतो, दुसरा “हे कळलं नाही” म्हणतो. स्वतःच्या संशोधनावर लिहीत असाल तर ‘गाईडची परवानगी’ हा आणखी एक रकाना. अप्रकाशित निष्कर्ष परवानगीशिवाय बाहेर जाता कामा नये.

पायरी ४ : रकाने मोजकेच ठेवा

गुगल शीट पुरते, साधी वहीसुद्धा चालते. विषय, वाचक कोण, मुख्य प्रश्न (एकच), संदर्भ, तपासणार कोण, तारीख, स्थिती आणि शेवटची खात्री. स्थितीसाठी पाचच शब्द : सुचलंय, वाचन, मसुदा, तपासणी, झालं.

‘शेवटची खात्री’ हा रकाना लोक विसरतात. लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळाची तत्त्वतः मंजुरी १७ फेब्रुवारी २०१६ ला मिळाली, तर सुमारे २,६०० कोटी रुपयांची पूर्ण मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये. २०१६ सालचा लेख तेव्हा बरोबर होता, पण २०२३ नंतर तो तसाच ठेवला तर वाचकाची दिशाभूल करतो. खर्च, मंजुरी, बांधकामाची मुदत असे बदलणारे आकडे दर ६ महिन्यांनी पुन्हा बघा. लेझर, आरसे आणि व्यतिकरणाचं तत्त्व मात्र बदलत नाही. असे लेख कधीही देता येतात, म्हणून दोन-तीन तयार करून बाजूला ठेवा. एखादा लेख अडकला की ते कामी येतात.

पायरी ५ : शनिवारी १५ मिनिटं

तक्ता बनवणं सोपं, पाळणं अवघड. दर शनिवारी तीनच प्रश्न विचारा : काय पुढे सरकलं? काय अडकलं आणि कुणाकडे? काय काढून टाकायचं? एखादा विषय सलग तीन महिने ‘सुचलंय’वरच असेल तर तो खोडा. लाज वाटून घेऊ नका.

हाच तक्ता प्रबंधालाही लागू पडतो. ‘लेख’च्या जागी ‘प्रकरण’ लिहा, ‘१४ सप्टेंबर’च्या जागी समितीच्या बैठकीची तारीख. बाकी काही बदलत नाही.

सुरुवात म्हणून आज एकच करा : पुढची एक पक्की तारीख शोधा, त्यातून ८ आठवडे वजा करा आणि त्या दिवसापुढे लिहा, ‘वाचन सुरू’. शंका असतील तर जरूर विचारा.