इंकजेट प्रिंटर महिनोन्‌महिने बंद ठेवताना

शाई नेमकी कुठे वाळते?

इंकजेटच्या हेडवरची छिद्रे केसाहूनही बारीक असतात. शाईत बहुतांश पाणी असते. छिद्राच्या तोंडाशी ते उडून गेले की रंग मागे राहतो आणि वाट बुजते. डाय शाईत रंग विरघळलेला असतो, त्यामुळे वाळलेला थर पुन्हा सुटू शकतो. पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म कण तरंगतात. ते सुकले की सहजी निघत नाहीत. म्हणजे शाई जुनी होण्यापेक्षा छिद्रांना हवा लागणे जास्त बाधते.

यावरची सोय प्रिंटरमध्येच आहे. यंत्राच्या बटणाने बंद केल्यावर हेड कडेला सरकते आणि रबरी टोपी त्यावर बसते. भिंतीवरचा स्विच थेट बंद केल्यास हेड वाटेतच उघडे राहू शकते. म्हणून आधी बटण, मग स्विच. कार्ट्रिज काढून ठेवणे सुरक्षित वाटते, पण हेड यंत्रातच बसवलेले असल्यास शाईच्या वाटेत हवा शिरते. हेड कार्ट्रिजवर असल्यास छिद्रे उघडी पडतात. टोपी वाळणे लांबवते, थांबवत नाही. त्यामुळे एक-दोन आठवड्यांनी सर्व रंगांचे एक पान छापणे उपयोगी ठरते. त्यात शाई खर्च होते हे खरे. पण हेड साफ करण्याच्या प्रत्येक फेरीतही शाई जाते आणि ती यंत्रातल्या शोषक पॅडमध्ये मुरते.

फरक: लेझर प्रिंटरचा टोनर कोरडी पूड असतो, तो वाळण्याचा प्रश्न नसतो.