दोन ठिपक्यांवरचं दौलताबाद

'एज ऑफ एम्पायर्स ३'ची 'एशियन डायनॅस्टीज' ही पुरवणी २००७ साली आली. तिच्या नकाशांच्या यादीत 'डेक्कन' हे नाव पाहून आम्हा खेळणाऱ्यांना कोण अप्रूप वाटलं होतं! दोन वर्षांनी 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये थेट मराठ्यांच्या बाजूनं लढता येऊ लागलं. २०१४ च्या 'राजाज ऑफ इंडिया'नं 'क्रुसेडर किंग्ज २'चा पट हिंदुस्थानपर्यंत ओढला, तर २०१८ च्या 'धर्मा'नं 'युरोपा युनिव्हर्सालिस ४'मधल्या हिंदुस्थानाकडे नव्यानं पाहिलं. दख्खन पडद्यावर आला खरा, पण तो लांबून पाहिलेला दख्खन होता. आपला भाग आपणच काढावा, ही हौस तिथूनच लागते.

'युरोपा ४'मध्ये ती भागवता येते, कारण त्यातली सगळी पृथ्वी मोजक्या बिटमॅप फायलींत मावते. प्रांतांची फाइल ५६३२ बाय २०४८ पिक्सेलची. उंचसखलपणाची वेगळी, नद्यांची वेगळी. प्रत्येक प्रांताला स्वतःचा एकच रंग असतो. लाल, हिरवा, निळा यांचे तीन आकडे म्हणजे त्या प्रांताचा सातबाराच. त्यामुळे फोटोशॉप असो की गिंप, तिथे ब्रश चालत नाही, पेन्सिलच लागते. ब्रश कडा मऊ करतो, दोन रंगांच्या सांध्यात तिसरा-चौथा रंग उगवतो आणि कुठल्याच नोंदीत नसलेले प्रांत पाहून खेळ बिथरतो. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करून हात बसलेल्या डीटीपीवाल्याची सगळी करामत मऊ कडांत आणि सावल्यांत असते. इथे नेमकी तीच सवय मोडावी लागते. नद्यांची शिस्त तर आणखी कडक: रुंदी एक पिक्सेल, उगमाला हिरवा ठिपका, उपनदी मिळते तिथे लाल. त्र्यंबकची गोदावरी आणि पैठणची गोदावरी सारखीच बारीक.

उंचीचं काम आधी फार जिकिरीचं होतं. छापील नकाशा स्कॅन करायचा आणि समोच्च रेषा एकेक करून गिरवायच्या. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानानं ११ दिवसांच्या फेरीत रडारनं पृथ्वीचा बहुतेक भूभाग मोजला. पुढे ९० मीटरच्या आणि २०१४ पासून ३० मीटरच्या तपशिलाची ती मोजणी जगभरासाठी फुकट मिळू लागली. अजिंठ्याची रांग, बालाघाट, सगळं आयतं राखाडी छटांत हाती आलं.

पण आयतं आलं ते आजचं आलं. पैठणच्या वर त्या छटांमध्ये एक मोठा, सपाट, सुरकुती नसलेला तुकडा दिसतो. तो नाथसागर, जायकवाडी धरणाचा जलाशय. 'युरोपा ४' सुरू होतो ११ नोव्हेंबर १४४४ ला आणि जायकवाडीचं धरण १९७६ चं. त्या मोजणीवरून डोळे मिटून गिरवणारा बहमनी सुलतानाला पाचशे वर्षं आधी धरण बांधून देतो! तिथे पाणी पुसून जुन्या नकाशांच्या आधारानं नदीचं पात्र हातानं काढावं लागतं. सीमांसाठी मात्र आधार भक्कम आहे: जोसेफ श्वार्ट्झबर्ग यांचा १९७८ चा दक्षिण आशियाचा ऐतिहासिक ॲटलास आणि मुघल काळासाठी इरफान हबीब यांचा १९८२ चा. नावही त्या-त्या सालचंच हवं. मलिक अंबरनं खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली १६१० मध्ये; म्हणून १४४४ च्या पटावर आमचं शहरच नाही. प्रांताला नाव द्यायचं तर ते दौलताबादचं.

शोभेच्या नकाशांची गोष्ट निराळी. जुनाट कागदाचा पोत खाली, त्यावर 'मल्टिप्लाय' केलेला डोंगरांचा लेयर, वर नावं. नेटवर फुकट मिळणारे डोंगरांचे ब्रश टोकदार, बर्फाळ शिखरांचे, झाडं सूचिपर्णी. आमचे डोंगर बेसाल्टचे, पायऱ्या-पायऱ्यांचे, वर सपाट. गंमत अशी की त्या ब्रशातला शंकू आसपास शोभतो तो एकट्या देवगिरीला, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्याला. अक्षरांनीही बराच काळ छळलं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड देवनागरी टाकली की जोडाक्षरं फुटायची, ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जायची. मग श्रीलिपीचा आसरा. गिंपमध्ये हा त्रास कमी होता.

खरी अडचण मापाची, आणि तिला कुठलंही सॉफ्टवेअर पुरत नाही. विषुववृत्ताचा ४०,०७५ किलोमीटरचा घेर ५६३२ पिक्सेलांत बसवला की एका पिक्सेलला ढोबळ सात किलोमीटर येतात. शहरापासून दौलताबाद दोन ठिपके. एव्हरेस्टपर्यंतची उंची २५६ छटांत वाटली, तर एका छटेला साधारण ३५ मीटर. सुमारे २०० मीटरच्या देवगिरीच्या वाट्याला जेमतेम सहा छटा, त्याही एका ठिपक्याच्या सरासरीत विरून जातात. खरं माप पाळलं तर खानदेशातून वर चढणारा अजिंठ्याचा कडाही दिसत नाही, आणि पटावरची फौज चाळीसगावहून कन्नडला सपाटीवरून चालत यावी तशी येते.

म्हणून तिथे खोटं बोलावं लागतं. खेळात ओलांडता न येणारा ओसाड प्रांत करायची सोय आहे. रांगेच्या माथ्यावर तशी एक-दोन पिक्सेलांची पट्टी ओढायची आणि कन्नडच्या घाटाशी, अजिंठ्याच्या घाटाशी तेवढी फट ठेवायची. भूगोलाचा मास्तर हे खोडून काढील. गुराखी त्या कड्यावर कुठूनही चढतात. तोफा चढत नाहीत, आणि खेळ तोफांचा आहे.