आडनावांच्या वाटा : गेला आणि परतला

मागच्या आठवड्यात आपण ‘नोव्हाक’ पाहिला, गावात नव्यानं आलेला. आजचा माणूस गावातलाच, पण मध्ये कुठंतरी जाऊन आलेला.

नवरातिल हे आडनाव आपल्याकडं पोचलं मार्टिना नवरातिलोवामुळं. गंमत म्हणजे ते तिचं जन्माचं नव्हे. १९५६ साली प्रागमध्ये जन्मली तेव्हा ती शुबेर्तोवा होती. पुढं आईनं मिरोस्लाव नवरातिल यांच्याशी दुसरं लग्न केलं आणि लेकीनं त्यांचं आडनाव घेतलं. तिचे पहिले टेनिस गुरूही तेच. शेवटचं ‘ओवा’ बायकांचं : बाप नवरातिल, तर बायको आणि मुलगी नवरातिलोवा. चेक प्रजासत्ताकात २०२२ पासून मात्र ‘ओवा’ लावायचं की नाही, हे ज्या त्या बाईनं ठरवायचं.

हे आडनाव म्हणजे चक्क भूतकाळी क्रियापद आहे : परतला. शेवटचा ‘ल’ थेट आपल्या ‘गेला-आला’सारखा. अशी क्रियापदी आडनावं ही मोराव्हियाची, म्हणजे चेक देशाच्या पूर्वभागाची खासियत. पोस्पिशिलनं घाई केली, विस्कोचिलनं उडी मारली, दोलेझाल लोळत पडला. नेझ्वाल म्हणजे ‘बोलावलं नाही’. या आडनावाचा एक मोठा कवीही होऊन गेला. गावानं कुणाची तरी खोड हेरली आणि ती पणतवंडांनाही चिकटली.

नवरातिल परतला कुठून? कुणी लढाईवरून, कुणी परमुलखातल्या मजुरीवरून, कुणी धन्याच्या जाचाला कंटाळून पळाला होता तिथून. भूदासाला धन्याच्या परवानगीशिवाय गाव सोडायची सोय नव्हती; सम्राट दुसऱ्या योसेफनं ते बंधन १७८१ मध्ये उठवलं. अशा काळात बाहेर जाऊन आलेला माणूस गावाच्या लक्षात राहणारच.

बरं, आडनावं तरी कुठं पक्की होती? घरजावई होऊन एखाद्यानं सासऱ्याची शेती धरली, की शेताबरोबर घराचं नावही त्याला लागायचं. त्यामुळं चर्चच्या नोंदवह्यांत सख्ख्या भावांची आडनावं वेगळी सापडतात आणि वंशावळ शोधणारे डोकं धरून बसतात. १७८० च्या दशकात योसेफच्याच हुकमानं बापाचं आडनाव मुलाला, हे कायम झालं. तेव्हा सगळे नवरातिल एका कुळातले समजू नयेत. परतलेला माणूस गावोगाव होता.

आता स्लोव्हाकियाकडं वळू. तिथल्या सेरेद गावचा मिशेल नवरातिल फ्रान्समध्ये नीसला शिंपीकाम करायचा. बायकोशी बिनसलं, तेव्हा १९१२ मध्ये दोन चिमुरड्या मुलांना गुपचूप घेऊन तो टायटॅनिकवर चढला, तेही हॉफमन या खोट्या नावानं. बाप बुडाला, पोरं होडीतून वाचली. पण त्यांना इंग्रजीचा गंध नाही आणि प्रवाशांच्या यादीत आडनाव भलतंच. ही कुणाची मुलं, हेच न्यूयॉर्कमध्ये कुणाला कळेना. अखेर वर्तमानपत्रातला फोटो पाहून आईनं ओळखलं. थोरला मुलगा २००१ मध्ये वारला. टायटॅनिकमधून वाचलेल्या पुरुषांतला तो शेवटचा.

पुढच्या आठवड्यात होर्वाट : स्लोव्हाकियात सर्वाधिक आढळणारं आडनाव, ज्याचा अर्थ आहे ‘क्रोएशियाचा माणूस’.