तेलवाहिन्या आणि हवामान (लेखांक ५) : गोठलेल्या जमिनीवरची पाइपलाइन

ट्रान्स-अलास्का पाइपलाइन आर्क्टिक महासागराच्या काठावरील प्रुडो बे येथे सुरू होते आणि तीन पर्वतरांगा ओलांडून १,२८७ किलोमीटरवरील वाल्डीझ बंदरात संपते. वाल्डीझचे पाणी हिवाळ्यातही गोठत नाही, त्यामुळे तिथे वर्षभर टँकर लागू शकतात. प्रुडो बेचा तेलसाठा १९६८ मध्ये सापडला. मूलनिवासींचे जमिनीवरील दावे आणि पर्यावरणवाद्यांचे खटले यांत प्रकल्प पाच वर्षे रखडला. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये समसमान मते पडली, तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांच्या निर्णायक मताने कोर्टकचेऱ्यांची वाट बंद करणारी दुरुस्ती मंजूर झाली. जून १९७७ मध्ये तेल वाहू लागले.

अभियंत्यांपुढचा खरा प्रश्न जमिनीचा होता. या मार्गाचा मोठा भाग पर्माफ्रॉस्टवरून, म्हणजे वर्षानुवर्षे गोठलेल्या जमिनीवरून जातो. भूगर्भातून येणारे तेल चांगलेच गरम असते. नळी पुरली तर भोवतालचा बर्फ वितळणार, माती खचणार आणि नळी फुटणार. म्हणून जवळपास ६७५ किलोमीटर नळी खांबांवर उचलून धरली आहे. पण खांबसुद्धा उन्हाची उष्णता जमिनीत नेतात. त्यावरचा तोडगा मोठा देखणा आहे. बहुतेक खांबांत अमोनिया भरलेल्या दोन बंद नळ्या, म्हणजे शीतनळ्या, बसवल्या आहेत. थंडीत जमीन हवेपेक्षा उबदार असते. त्या उबेने तळाशी अमोनियाची वाफ होते, ती वर चढते, टोकावरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांपाशी उष्णता हवेत सोडते आणि द्रव होऊन पुन्हा खाली ओघळते. वीज नाही, पंप नाही. उन्हाळ्यात हवा तापली की हे चक्र आपोआप थांबते. अशा सुमारे १ लाख २४ हजार नळ्या जमीन गोठलेली ठेवण्याचे काम करतात.

हे सगळे गणित १९७० च्या दशकातील थंडीवर बसवलेले होते. त्यानंतर आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या कितीतरी पट वेगाने तापला. २०२१ मध्ये फेअरबँक्सच्या उत्तरेकडील एका उतारावर पर्माफ्रॉस्ट वितळून जमीन सरकल्याचे आणि खांब वाकल्याचे उघड झाले. ती जागा पुन्हा गोठवण्यासाठी जादा शीतनळ्या बसवण्याची वेळ आली.

या तापण्यात पाइपलाइनचा वाटा किती? पोलाद, पंप आणि गळती यांतून होणारे उत्सर्जन तुलनेने किरकोळच. खरा हिशेब आतल्या तेलाचा आहे. एक पिंप तेल जाळले की सुमारे ४३० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. या मार्गाने आजवर १,८०० कोटींहून अधिक पिंपे गेली आहेत. ती सगळी जाळली गेली असे धरले तर ७७० कोटी टनांच्या वर आकडा जातो. जगभर कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षभरात होणाऱ्या उत्सर्जनाचा हा साधारण पाचवा हिस्सा. ‘पाइपलाइन नसती तर तेल दुसरीकडून आले असते’ हा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो अर्धाच खरा आहे, कारण आर्क्टिकच्या त्या कोपऱ्यातून इतके तेल स्वस्तात बाहेर काढण्याचा दुसरा मार्गच नव्हता.

एकदा बांधलेली पाइपलाइन पुढच्या निर्णयांनाही वळण लावते, ही बाब अधिक गंभीर आहे. १९८८ मध्ये दिवसाला सुमारे २० लाख पिंपे वाहत होती. आता ५ लाखही भरत नाहीत. प्रवाह मंदावला की तेल वाटेत जास्त दिवस राहते आणि थंडावते. मग मेण साचते, पाणी वेगळे होऊन गोठण्याचा धोका वाढतो आणि तेल मुद्दाम तापवावे लागते. प्रवाह फारच घटला तर पाइपलाइन बंद करावी लागेल आणि करारानुसार ती उखडून जमीन पूर्ववत करावी लागेल. तेलाच्या उत्पन्नातून उभारलेल्या कायमस्वरूपी निधीचा लाभांश अलास्काच्या रहिवाशांना १९८२ पासून दरवर्षी मिळतो, त्यामुळे स्थानिक राजकारणाचा कलही नवे साठे शोधण्याकडे आहे.

मार्च २०२३ मध्ये मंजूर झालेला कोनोकोफिलिप्स कंपनीचा विलो प्रकल्प त्याच ओघातला. तीस वर्षांत सुमारे ६० कोटी पिंपे काढण्याचा त्याचा अंदाज आहे आणि ते तेलही याच पाइपलाइनने वाल्डीझला जाणार आहे. विलोच्या बांधकामाखालची जमीन गोठलेली ठेवण्यासाठी तिथेही शीतनळ्यांचाच आधार घ्यायचे ठरले आहे.