घरगुती मत्स्य-भाजी संचासाठी पाइप व जोडसामान यांची निवड

मासे आणि पीक एकाच पाण्यावर वाढविण्याची कल्पना गोमंतकीय शेतकऱ्याला परकी नाही. खाजन जमिनीत पावसाळ्यात भात पिकते, आणि मानशीच्या दारातून भरती-ओहोटीबरोबर ये-जा करणाऱ्या पाण्यात मासळीही मिळते. तेथे बांध कितीही भक्कम असला, तरी मानस नादुरुस्त झाली की शेत बुडते. परसदारी किंवा गच्चीवर उभारल्या जाणाऱ्या मत्स्य-भाजी संचात, म्हणजेच ॲक्वापोनिक्समध्ये, मानशीचे हे स्थान पाइप आणि जोडसामान यांच्याकडे असते. टाकी व मासे यांची निवड काळजीपूर्वक केली जाते. पाइप मात्र दुकानात जो मिळेल तो आणला जातो. संच बंद पडतो तो बहुधा येथेच. म्हणून या निवडीचा थोडा तपशिलाने विचार करणे अगत्याचे आहे.

संचाचे कार्य

माशांच्या विष्ठेतून व कल्ल्यांवाटे पाण्यात अमोनिया मिसळतो. तो माशांना घातक असतो. वाफ्यातील खडीवर वाढणारे सूक्ष्म जीवाणू प्रथम त्याचे नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्रेट हे वनस्पतींचे खाद्य होय. भाजी ते शोषून घेते आणि शुद्ध झालेले पाणी माशांकडे परत जाते. अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांवरील विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी या पद्धतीवर दीर्घकाळ प्रयोग केले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली लहान संचांविषयी विस्तृत तांत्रिक ग्रंथ प्रसिद्ध केला. पाण्याचे हे अभिसरण अखंड चालावे लागते. ते खंडित झाले की पाण्यातील प्राणवायू घटतो, आणि दाटीने ठेवलेले मासे काही तासांत दगावू शकतात.

पाण्याचा मार्ग आधी ठरवावा

पाइप विकत घेण्यापूर्वी पाण्याचा मार्ग कागदावर आखावा. उदाहरणादाखल ५०० लिटरची माशांची टाकी, प्रत्येकी एक चौरस मीटर क्षेत्राचे व ३० सेंटिमीटर खोलीचे दोन खडीचे वाफे आणि ३०० लिटरची तळटाकी असा संच घेऊ. माशांची टाकी चिऱ्यांच्या भक्कम चौथऱ्यावर सर्वांत उंच, वाफे त्याखाली आणि तळटाकी सर्वांत खाली असावी. पंप तळटाकीत ठेवावा. तो पाणी माशांच्या टाकीत चढवितो. तेथून ते उताराने वाफ्यांत आणि वाफ्यांतून पुन्हा तळटाकीत येते.

या मांडणीचा लाभ मोठा आहे. कोठे पाइप निखळला किंवा सांधा गळू लागला, तर तळटाकी रिकामी होईल. माशांची टाकी भरलेलीच राहील. याउलट पंप माशांच्याच टाकीत बसविला, तर एका सुटलेल्या सांध्यामुळे रात्रीतून टाकी उपसली जाऊ शकते.

पाइप कोणत्या पदार्थाचा असावा

जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप, तसेच तांब्याचे पाइप व पितळी व्हॉल्व्ह या संचात वापरू नयेत. तांबे व जस्त यांचे पाण्यात विरघळलेले अत्यल्प प्रमाणही माशांना अपायकारक ठरते. जीवाणूंच्या कार्यामुळे संचातील पाणी हळूहळू आम्लधर्मी होत जाते, आणि आम्लधर्मी पाण्यात धातू अधिक विरघळतो. गोव्यातील जांभ्या दगडाच्या प्रदेशात विहिरींचे पाणी मुळातच काहीसे आम्लधर्मी आढळते. त्यामुळे येथे ही दक्षता अधिक घ्यावी. कोठे धातू अपरिहार्यच असेल, तर तो उत्तम प्रतीचा स्टेनलेस स्टील असावा.

घरगुती संचासाठी कडक पीव्हीसी पाइप सर्वांत सोयीचा. पिण्याच्या पाण्याच्या अशा पाइपांसाठी आय. एस. ४९८५ हे भारतीय मानक आहे. पाइपावर हा क्रमांक व मानक चिन्ह छापलेले आहे, याची खात्री करून घ्यावी. पीव्हीसी टिकाऊ करण्यासाठी पूर्वी शिशाची संयुगे सर्रास मिसळली जात. ती काढून टाकण्यासाठी केंद्र शासनाने २०२१ साली नियम अधिसूचित केले. या संचातील मासे आणि भाजी दोन्ही घरातल्यांच्या ताटात यावयाची आहेत. म्हणून जुने, मोडीतले किंवा छापाविना विकले जाणारे पाइप स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. कीटकनाशके अथवा रसायने वाहून नेलेला पाइप तर मुळीच वापरू नये.

सांडपाण्यासाठी मिळणारे रबरी कड्याचे पाइप उताराच्या मार्गावर जोडण्यास व सोडविण्यास सोपे असतात. त्यांचे मानक आय. एस. १३५९२ आहे. परंतु ते पिण्याच्या पाण्यासाठी बनविलेले नसतात. शक्य तेथे पिण्याच्या पाण्याचाच पाइप घ्यावा.

पारदर्शक नळी दिसायला बरी, पण तिच्यात प्रकाश शिरून शेवाळ माजते. लवचीक नळी हवी असल्यास ती काळी घ्यावी. उन्हात राहणाऱ्या पीव्हीसी पाइपास बाहेरून रंगाचा हात द्यावा. अन्यथा काही वर्षांत तो ठिसूळ होतो.

मापांचा घोळ

बाजारात एकसारख्या दिसणाऱ्या पाइपांची मापे निरनिराळ्या पद्धतींची असतात आणि खरेदीत सर्वाधिक पैसा येथेच वाया जातो. शेतीसाठी मिळणारा आय. एस. ४९८५ चा पाइप बाहेरील व्यासाने ओळखला जातो : २०, २५, ३२, ४०, ५०, ६३, ७५, ९०, ११० मिलिमीटर. घरातील नळजोडणीचा इंची पाइप वेगळ्या मानकाचा असतो. त्याच्या पाऊण इंची पाइपाचा बाहेरील व्यास २६·७ आणि एक इंची पाइपाचा ३३·४ मिलिमीटर भरतो. गरम पाण्यासाठीच्या सीपीव्हीसी पाइपाचे माप तिसरेच. त्याच्या एक इंची पाइपाचा बाहेरील व्यास २८·६ मिलिमीटर असतो. साहजिकच एका पद्धतीचा पाइप दुसऱ्या पद्धतीच्या सॉकेटमध्ये बसत नाही, किंवा सैल बसून गळतो. म्हणून संपूर्ण संच एकाच पद्धतीच्या मापात करावा आणि दुकानात जाताना पाइपाचा एक तुकडा सोबत न्यावा. दोन पद्धती जोडणे भागच पडले, तर आट्यांचे जोड वापरावेत.

पाइपाची दाबक्षमताही छापलेली असते. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम दाब देतो. घरगुती संचात पाणी जेमतेम सव्वा ते दीड मीटर चढते. तेव्हा दाबासाठी जाड पाइपाची आवश्यकता नाही. तथापि धक्का व ऊन सोसण्यासाठी अगदी पातळ पाइप टाळून मध्यम जाडीचा घ्यावा.

पंपाकडील पाइप

माशांच्या टाकीतील सर्व पाणी तासातून निदान एकदा बदलले जावे. प्रस्तुत संचासाठी तासाला ८०० ते १००० लिटर प्रवाह पुरेसा होतो. पंपाच्या खोक्यावरील आकडा शून्य उंचीचा असतो. प्रत्यक्ष उंचीला तो किती पाणी देतो, हे तक्त्यावरून पाहावे.

अरुंद पाइप घेऊन वाचविलेले पैसे विजेच्या देयकात निघून जातात. तासाला १००० लिटर पाणी १० मीटर लांबीच्या पाइपातून न्यावयाचे असता, आतील व्यास १५ मिलिमीटर असेल तर घर्षणात सुमारे २ मीटर उंचीइतका दाब खर्ची पडतो. तोच व्यास २० मिलिमीटर असेल तर सुमारे अर्धा मीटर, आणि २६ मिलिमीटर असेल तर केवळ १५ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणून या मार्गावर बाहेरील ३२ मिलिमीटर व्यासाचा पाइप घेणे शहाणपणाचे ठरते. प्रत्येक काटकोनी एल्बो अर्ध्या-पाऊण मीटर सरळ पाइपाइतका अडथळा निर्माण करतो. वळणे जितकी कमी, तितके बरे.

पंपापाशी एक युनियन अवश्य बसवावी, म्हणजे पाइप न कापता पंप साफ करता येतो. पाइपाचे वरचे तोंड टाकीतील पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावे. पडणाऱ्या पाण्याबरोबर हवा मिसळते, आणि वीज गेली असता पाणी उलट मार्गाने खाली ओढले जात नाही.

उताराकडील पाइप

उताराचे पाणी स्वतःच्या वजनाने वाहते. त्यात विष्ठा व खाद्याचे कण असतात. हा पाइप ५० मिलिमीटरहून लहान नसावा आणि त्यास दर मीटरला निदान एक सेंटिमीटर उतार असावा. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन जोड वापरावेत.

माशांच्या टाकीतून पाणी बाहेर पडण्याचे भोक वरच्या बाजूस ठेवावे, आणि आतून एक उभा पाइप तळाजवळपर्यंत सोडावा. यामुळे तळाचा गाळ उचलला जातो, परंतु पाण्याची पातळी भोकाखाली जात नाही. भोकाशी जेथे उभा व आडवा पाइप मिळतात, तेथे एल्बो न बसविता टी बसवावी आणि तिचे वरचे तोंड हवेला उघडे ठेवावे. हे तोंड बंद राहिल्यास सायफन निर्माण होऊन टाकी तळापर्यंत रिकामी होण्याचा धोका असतो. उभ्या पाइपाच्या खालच्या तोंडास मासे न शिरतील अशी जाळी लावावी.

दोन वाफ्यांकडे जाणाऱ्या फाट्यांवर प्रवाह सारखा करण्यासाठी प्लॅस्टिकचे बॉल व्हॉल्व्ह बसविता येतात. मात्र दोन्ही चुकून बंद झाले किंवा गाळाने तुंबले, तर टाकी भरून वाहू लागेल. यासाठी पहिल्या भोकाच्या तीन सेंटिमीटर वर दुसरे भोक पाडून, त्यातून व्हॉल्व्ह नसलेला पाइप थेट तळटाकीत सोडावा. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उघड्यावरील संचात या दुसऱ्या वाटेचे महत्त्व जून महिन्यात पटते. त्याचबरोबर तळटाकीलाही काठाजवळ एक सांडवा ठेवावा.

वाफ्यातील घंटा-सायफन

वाफा भरावा आणि आपोआप रिता व्हावा, म्हणजे मुळांना पाणी व हवा आळीपाळीने मिळते. यासाठी तीन पाइप एकात एक बसवितात. मध्ये २५ मिलिमीटरचा उभा पाइप. त्याची उंची २५ सेंटिमीटर ठेवावी, म्हणजे खडीचा वरचा थर कोरडा राहतो. त्यावर ७५ मिलिमीटरची, वर टोपण लावलेली व खाली खाचा पाडलेली घंटा. त्याबाहेर खडी अडविण्यासाठी ११० मिलिमीटरचा भोके पाडलेला पाइप. पाणी उभ्या पाइपाच्या माथ्यावर चढले की सायफन सुरू होतो, आणि खाचांपर्यंत उतरल्यावर हवा शिरून तो तुटतो. टोपण हवाबंद असलेच पाहिजे. उभ्या पाइपाच्या माथ्यावर रेड्यूसर उलटा बसवून नरसाळ्यासारखे तोंड केले, तर सायफन सहज सुरू होतो. प्रवाह फार मंद असल्यास सायफन लागत नाही, व फार जोराचा असल्यास तुटत नाही. व्हॉल्व्ह थोडा थोडा फिरवून योग्य प्रवाह साधावा.

जोडणी

टाकीच्या भोकात रबरी वॉशरसह टँक निपल बसवावा. भोक गोल करवतीने पाडावे. तापलेल्या सळईने पाडलेले भोक वाकडे होऊन हमखास गळते. आट्यांच्या जोडावर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळावी. सफेदा व सूत यांचा वापर येथे करू नये.

पंपाकडील सांधे सॉल्व्हंट सिमेंटने पक्के करावेत. पाइप सरळ कापून, कडा घासून व पुसून, पाइप आणि सॉकेट या दोहोंस पातळ लेप द्यावा. पाव फेरा देऊन पाइप आत दाबावा व अर्धा मिनिट धरून ठेवावा. हे काम उघड्या हवेत, विस्तवापासून दूर करावे. उताराच्या मार्गावर, टाकीबाहेर व तळटाकीच्या वर येणारे सांधे मात्र नुसते दाबून घट्ट बसवावेत, म्हणजे गाळ साचल्यास ते उघडून साफ करता येतात. सिमेंटमधील द्रावके माशांना विषारी असतात. जोडणीनंतर एक दिवस थांबावे, संचातून पाणी फिरवावे आणि हे पहिले पाणी टाकून द्यावे.

मासे सोडण्यापूर्वीची परीक्षा

संच भरून २४ तास चालवावा व पातळीवर खूण करून गळती पाहावी. त्यानंतर पंप मुद्दाम बंद करावा. वाफ्यांतील पाणी उतरल्यावर तळटाकी भरून वाहते काय, आणि माशांच्या टाकीची पातळी स्थिर राहते काय, हे पाहावे. प्रस्तुत संचात खडीतील पोकळी लक्षात घेता एका वाफ्यातून सुमारे १०० लिटर पाणी उतरते. दोन्ही वाफ्यांचे २०० लिटर पाणी मावेल इतकी जागा तळटाकीत हवी. तसेच दोन्ही वाफे भरलेले असताना पंप कोरडा पडता कामा नये. तिसऱ्यांदा दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून दुसरी वाट सर्व पाणी वाहून नेते, याची खात्री करावी. या तीन परीक्षा उतरल्याशिवाय मासे सोडू नयेत. वीज खंडित होण्याच्या काळासाठी बॅटरीवर चालणारा लहान हवापंप जवळ ठेवावा. उघड्या पाइपांच्या तोंडांना बारीक जाळी लावावी, म्हणजे साचलेल्या पाण्यात डास वाढत नाहीत.

शाळांतून असा संच उभारल्यास नत्राचे चक्र, सायफन, पाण्याचा दाब व घर्षण हे विषय विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविता येतात. माशांच्या जातीची निवड करताना मत्स्योद्योग खात्याचा सल्ला घ्यावा. काही जाती पाळण्यास परवानगी लागते.

पाइप व जोडसामान यांवर होणारा खर्च टाकी व पंप यांच्या मानाने थोडा असतो. तो करताना काटकसर पाइपाच्या व्यासात किंवा प्रतीत करू नये. ती वळणे कमी करून व मांडणी आटोपशीर ठेवून करावी. पाण्याला जाण्याची एक वाट बंद झाली तर दुसरी खुली आहे, आणि सर्व वाटा तुटल्या तरी माशांपाशी पाणी उरते, इतके साधले म्हणजे संच निर्धोक झाला असे समजावे.