षटकोनांवरचे महासागरी युद्ध

‘वॉर इन द पॅसिफिक : ॲडमिरल्स एडिशन’ हा संगणकावरचा युद्धखेळ मॅट्रिक्स गेम्सने 2009 मध्ये बाजारात आणला. त्यातली मुख्य मोहीम 7 डिसेंबर 1941 च्या पर्ल हार्बर हल्ल्यापासून सुरू होते. नकाशावरचा एक षटकोन 40 सागरी मैलांचा, म्हणजे साधारण 74 किलोमीटरचा. या मापाने छत्रपती संभाजीनगर ते मुंबई हे सरळ रेषेतले अंतर जेमतेम चार षटकोन भरते. एक चाल म्हणजे एक दिवस. सप्टेंबर 1945 पर्यंत खेळायचे तर 1,360 हून अधिक चाली लागतात. दोन्ही बाजूंचे हुकूम आधी नोंदवले जातात, मग संगणक ते एकदमच अमलात आणतो.

खरा कस लागतो रसदीत. जपानने सुमात्रा बेटावरच्या पालेमबांगचे तेलकारखाने जिंकले तरी तेल टँकरने मायदेशी न्यावे लागते आणि वाटेत पाणबुड्या टपलेल्या असतात. बंदरात इंधन नसेल तर बलाढ्य युद्धनौकाही कुचकामी.

खेळापलीकडे, प्रत्यक्षातल्या या महासागरी युद्धाची झळ आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचली होती. एप्रिल 1942 मध्ये कोलंबो आणि त्रिंकोमालीवर जपानी हवाई हल्ले झाले, तेव्हा ब्रिटिश आरमाराचा वेगवान ताफा मुंबईला हलवावा लागला. 11 नोव्हेंबर 1942 रोजी रॉयल इंडियन नेव्हीची छोटी सुरुंगनाशक नौका ‘बंगाल’ आणि डच टँकर ‘ओंडिना’ यांनी दोन बड्या सशस्त्र जपानी जहाजांशी धीराने झुंज दिली. त्यात त्या जहाजांपैकी ‘होकोकू मारू’ बुडाले.