वृद्ध स्त्रियांमधील सामान्य मानसिक विकार : भिवंडीच्या सामाजिक संदर्भात

प्रस्तावना :
२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.३८ कोटी होती व त्यांत स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक होत्या. स्त्रियांचे आयुर्मान अधिक, पती वयाने मोठा आणि विधवेचा पुनर्विवाह विरळ. परिणामी वार्धक्याचा शेवटचा टप्पा अनेकींना वैधव्यात कंठावा लागतो. या स्थितीचा मानसिक आरोग्याशी असलेला संबंध प्रस्तुत लेखात स्पष्ट केला आहे.

संकल्पना व लक्षणे :
नैराश्य आणि चिंताविकार यांना एकत्रितपणे ‘सामान्य मानसिक विकार’ म्हणतात. येथे ‘सामान्य’ म्हणजे सौम्य नव्हे, तर सर्वत्र आढळणारे. वृद्ध स्त्री क्वचितच ‘मी उदास आहे’ असे सांगते. झोप लागत नाही, छातीत धडधडते, हातपाय गळून जातात, अशा शारीरिक तक्रारी ती मांडते. त्यामुळे वेदनाशामक गोळ्या मिळतात, मूळ विकार तसाच राहतो. ‘वय झाले’ हे कुटुंबीयांचे स्पष्टीकरणही निदानास विलंब लावते. थायरॉइडचे विकार, बधिरता व स्मृतिभ्रंश यांचीही लक्षणे अशीच भासू शकतात. म्हणून वैद्यकीय तपासणी अपरिहार्य ठरते.

भिवंडीतील सामाजिक परिस्थिती :
२०११ मध्ये ७,०९,६६५ लोकसंख्या असलेले हे शहर यंत्रमागांवर उभे आहे. कांड्या भरणे, धागे कापणे अशी कामे स्त्रियांनी घरबसल्या केली; परंतु अशा कामास भविष्यनिर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही. दृष्टी व हात थकताच उत्पन्न थांबते आणि त्याबरोबर घरातील शब्दाचे वजनही घटते. दाटीची वस्ती व अपुरी घरे यांमुळे माणसांच्या गर्दीतही एकाकीपण येते. १९७० व १९८४ च्या दंगलींचे आघात याच पिढीने सोसले आहेत. शिवाय मराठी, उर्दू, हिंदी व तेलुगू बोलणाऱ्या या शहरात वृद्धेशी तिच्या भाषेत न बोलता केलेली प्रश्नावली निरुपयोगी ठरते.

उपलब्ध आधार :
२००७ च्या ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियमान्वये मुलांकडून निर्वाहभत्ता मागता येतो; मात्र मुलाविरुद्ध अर्ज करणे मातेस लाजिरवाणे वाटते. श्रावणबाळ योजनेतून ६५ वर्षांवरील निराधारांना अर्थसाहाय्य मिळते. ते मिळवताना वयाचा व उत्पन्नाचा दाखला हीच मोठी अडचण असते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने उपचार हा हक्क मानला आणि २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनीसेवा सुरू आहे. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय जवळ असले, तरी ‘वेडाचे इस्पितळ’ हा शिक्का तेथील वाट अडवतो.

या संदर्भात गोव्यातील अनुभव मोलाचा आहे. तेथे साठ वर्षांवरील, नैराश्याची सौम्य लक्षणे असलेल्या १८१ व्यक्तींवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांच्या साहाय्याने नैराश्याचे प्रमाण घटले. समस्या सोडविण्याची पद्धत, झोपेविषयी मार्गदर्शन व शासकीय योजनांपर्यंत पोहोचविणे, असे त्या मदतीचे स्वरूप होते. झिंबाब्वेत तर प्रशिक्षित आजीबाईच बाकावर बसून समुपदेशन करतात.

समारोप :
वृद्ध स्त्रीचे नैराश्य हा केवळ मेंदूचा विकार नाही. उत्पन्न, सन्मान आणि संवाद यांच्या अभावाचाही तो परिणाम आहे. म्हणून औषधाइतकेच निवृत्तिवेतनाचा अर्ज भरून देणेही उपचाराचा भाग ठरते. महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची पथके आशा कार्यकर्तींच्या सोबतीने हे काम करू शकतात. तिच्या भाषेत तिची विचारपूस करणे, ही त्याची पहिली पायरी होय.